लेकीच्या वहीतलं वाक्य

"आई, वाक्य बरोबर आहे ना गं?"

शब्द दिला होता 'कॉम्प्रोमाइज'. तिने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'माय मदर ऑलवेज कॉम्प्रोमायझेस.'

व्याकरणात चूक नव्हती. "हो" म्हटलं आणि कुकर बंद करायला वळले. पण ते 'ऑलवेज' दिवसभर डोक्यातून गेलं नाही. त्याच्याखाली खोडलेलं 'समटाइम्स' अजून पुसट दिसत होतं.

संध्याकाळी शब्दकोश काढला. शब्दाचं मूळ लॅटिन, 'कॉम' म्हणजे सोबत आणि 'प्रोमित्तेरे' म्हणजे वचन देणं. रोमन कायद्यात भांडणारे दोघंही वचन द्यायचे, की लवाद जो निवाडा देईल तो आम्ही मानू. दोघंही! एकट्याने करायची ती गोष्टच नव्हती.

आपल्याकडे 'तडजोड करावी लागते गं' हे मुलीलाच सांगतात, लग्न ठरायच्याही आधीपासून. मलाही सांगितलं होतं, अगदी मायेने.

आणि पासवर्ड 'कॉम्प्रोमाइज' झाला म्हणतात तेव्हा अर्थ होतो, आता तो सुरक्षित राहिला नाही.

रात्री तिला सगळं सांगितलं. म्हटलं, वाक्य बदलूया का?

"पण आई, खरं तर हेच आहे ना?"

वही अजून टेबलावर उघडीच आहे. तुम्ही काय सांगितलं असतं तिला?