चाकोवेत्स: पाववाल्याच्या पोराच्या गावी

क्रोएशियाला गेलेली आपली मंडळी बहुतेक समुद्राकडेच वळतात. मी झाग्रेबहून सकाळची गाडी धरली ती उत्तरेची. मूर आणि द्रावा या दोन नद्यांमधला बराचसा सपाट, शेतीवाडीचा मुलूख म्हणजे मेजिमुर्ये, आणि चाकोवेत्स हे त्याचं मुख्य गाव. योसिप श्टोल्त्सर इथे १८९६ साली जन्मला. पुढे स्लावेन्स्की या नावाने तो संगीतकार झाला.

वडील पाववाले. योसिपही भट्टीवर राबलेला. पण कानात मुरली ती इथली पोपेवका, म्हणजे मेजिमुर्येचं लोकगीत. जुनी पोपेवका संथ असते, ठेक्याला बांधलेली नसते, आणि कित्येक चाली पाचच स्वरांत फिरतात. भूप-दुर्गा ऐकत वाढलेल्या माणसाला ती परकी वाटतच नाही. २०१८ मध्ये युनेस्कोने तिला वारशाच्या यादीत घेतलं.

बुडापेस्टला कोदाय आणि प्रागला नोवाक या संगीतकारांकडे शिकून स्लावेन्स्की १९२४ मध्ये बेलग्रेडला गेला. मी स्वतः पेटी वाजवतो, म्हणून मला सगळ्यात ओढ होती ती त्याच्या १९३७ च्या रचनेची. त्यातला एक भाग सप्तकाचे ५३ भाग करणाऱ्या हार्मोनियमसाठी आहे! आपल्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनीही श्रुतींसाठी, म्हणजे बारा स्वरांच्या मधल्या सूक्ष्म स्वरांसाठी, पेटी घडवायचा ध्यास घेतला होता. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण बारा स्वरांत न मावणारं गाणं दोघांनीही ऐकलं होतं, असं मला मनापासून वाटतं.

चाकोवेत्समध्ये झ्रिन्स्की या जुन्या सरदार घराण्याच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात स्लावेन्स्कीची स्मृतिखोली आहे. तिथे घाई करू नका. वेळा आदल्या दिवशी बघून घ्या. झाग्रेबहून रेल्वेने अडीच-तीन तास धरा, परतीची गाडी आधीच हेरून ठेवा. शेंगेन व्हिसा लागतो आणि २०२३ पासून चलन युरो आहे.

भूक लागली की मेजिमुर्येची गिबानित्सा हा गोड पदार्थ मागा. खसखस, ताजं चीज, अक्रोड आणि सफरचंद यांचे थर. सुरी घातली की चारही रंग वेगळे दिसतात. एक तुकडा दोघांना पुरतो.

जाण्याआधी निदान चार पोपेवका ऐकून जा. स्लावेन्स्कीची 'बाल्कनोफोनिया' ही वाद्यवृंदाची रचना त्यानंतर ऐका, आधी नको. आणि बेलग्रेडला जाणार असाल तर निकोला पाशिच चौकातलं त्याचं घर जपलेलं आहे, तिथे मात्र आधी कळवूनच जा.