नगरपालिकेच्या कचऱ्याचा ताळेबंद कसा जुळवला

एका नगरपालिकेसाठी कचऱ्याचं प्रतिमान बांधलं, म्हणजे कचरा कुठून कुठे जातो ते बाणांनी आणि कुठे साचतो ते चौकोनांनी दाखवणारा आराखडा. सूत्र साधं: आत आलेलं वजन म्हणजे बाहेर गेलेलं, हवेत उडालेलं आणि आवारात साचलेलं यांची बेरीज. खरा वेळ गेला तो काटापावत्यांवर, म्हणजे वजनकाट्यावरच्या नोंदींवर.

रजिस्टरात बहुधा खेपा असतात आणि टन काढले जातात खेपा गुणिले गाडीची क्षमता असे. तो आकडा घेऊ नये. सुक्याचा कप्पा शिगोशीग भरला तरी वजन थोडंच भरतं. आम्ही सलग सात दिवस, आठवडी बाजाराचा दिवस धरून, प्रत्येक घंटागाडी भरलेली आणि रिकामी अशी दोनदा काट्यावर घेतली.

घटक कळण्यासाठी गाडी ताडपत्रीवर ओतून ढीग फावड्याने कालवायचा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, सुमारे १०० किलो उरेपर्यंत हेच करायचं, मग हाताने वर्गवारी. ओल्या कचऱ्याचा नमुना १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत, साधारण २४ तास, ओव्हनमध्ये ठेवायचा. ही पायरी गाळली की पावसाळ्यात शहराचा कचरा वाढल्यासारखा दिसतो. वाढलेलं असतं पाणी. म्हणून सगळे प्रवाह मी कोरड्या वजनात मांडतो.

उदाहरण घ्या. १०० किलो ओला कचरा, ओलावा ६५ टक्के. कोरडा भाग ३५ किलो. कुजताना त्यातला १४ किलो वायू होऊन गेला, चाळणीवर ५ किलो प्लास्टिक-काच-दगड निघाले, तर उरले १६. खतात २० टक्के ओलावा धरला की पोत्यात २० किलो. अहवालात मात्र पूर्ण १०० किलो 'प्रक्रिया झाली' असं लागतं. मला हे पटत नाही. कचऱ्याचं चक्र किती पूर्ण झालं, म्हणजे किती माल पुन्हा वापरात आला, ते दारातल्या आवकेवर नाही, विकल्या गेलेल्या मालावर मोजायला हवं.

सुक्याचंही तसंच. पेट बाटल्या, पुठ्ठा, पत्रा, दूध पिशव्या गठ्ठे होऊन जातात. चिप्सची बहुस्तरीय पाकिटं सिमेंट भट्टीत जळतात. ते इंधन झालं, पुनर्चक्रीकरण नाही, म्हणून त्याला वेगळा बाण द्यावा.

सगळ्यात अवघड बाण भंगारवाल्यांचा. रद्दी, बाटल्या घरातूनच विकल्या जातात, घंटागाडीत येतच नाहीत. पुण्यात २००८ पासून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते, तिथे या कामाला निदान अधिकृत जागा आहे. इतरत्र दुकानदाराला टन विचारू नका. आठवड्याला किती टेम्पो गेले आणि त्यात काय होतं ते विचारा. छोटा दुकानदार मोठ्याला माल विकतो, त्यामुळे पहिल्या खरेदीवर किंवा शहराबाहेर पडताना, एकाच ठिकाणी मोजा. दोन्हीकडे मोजलं तर तोच पुठ्ठा दुप्पट होतो.

जुळवणीसाठी व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठाचं 'स्टॅन' हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं. प्रत्येक आकड्याला अनिश्चितता द्यायची: काट्यावरच्या वजनाला २-३ टक्के, भंगाराच्या अंदाजाला ३०. मग आवक-जावकेतली तफावत कच्च्या आकड्यांत मुरते, पक्के फारसे हलत नाहीत. सगळ्यांना सारखीच अनिश्चितता दिली तर काट्याचं वजनही बिघडतं.

शेवटी साठ्याचा चौकोन काढाच. पेरणीआधी खताला मागणी असते, इतर महिन्यांत पोती शेडमध्ये थांबतात. हा चौकोन नसेल तर ती पोती तोट्यात जमा होतात आणि खतप्रकल्प उगाच नापास ठरतो.