पाणी गळ्याशी आल्यावर कसली प्रार्थना?

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं होतं. तेव्हापासून दर पावसाळ्यात कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं हे बघायला लोक रात्री दोनला मोबाईल हातात घेतात. ख्रिस्ती घरांत या भीतीवर आणखी एक ओझं चढतं: ‘विश्वास पक्का असता तर भीती वाटली नसती.’ हे वाक्य आधी घराबाहेर काढावं. पकडलं जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला, तिघा शिष्यांना त्याने सोबत जागं राहायला सांगितलं आणि तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली. त्यामुळे नवे शब्द सुचत नाहीत म्हणून कुणाची प्रार्थना कच्ची ठरत नाही.

शब्द सुचत नसतील तर ते उसने घ्यावेत. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली जवळजवळ तिसरा हिस्सा रडगाण्याची, चक्क तक्रारीची आहेत. ६९ व्याची सुरुवातच ‘पाणी गळ्याशी आलंय’ अशी होते. कृष्णाकाठाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पण रात्रीसाठी १३ वं बरं. सहाच ओव्या, दहा मिनिटांचं काम.

ते मोठ्याने वाचावं. मनात वाचलं की डोळे ओळींवर फिरतात आणि डोकं धरणावरच राहतं. आवाज काढला की श्वासही आपोआप संथ होतो. पहिल्या दोन ओव्यांत ‘कुठवर?’ हा सवाल चारदा येतो. तिथे थांबून आपली गोष्ट सांगावी, आणि नेमकी सांगावी. ‘संकटातून सोडव’ एवढं म्हणून भागत नाही. ‘विसर्ग वाढवलाय, दोन म्हशी गोठ्यात आहेत, आईला जिना चढवत नाही’ असं बोलावं. तिसऱ्या-चौथ्या ओवीत मागणं आहे: माझ्याकडे बघ, उत्तर दे, डोळ्यांत तेज आण. इथे आपलंही एकच मागणं ठेवावं, आजच्या रात्रीपुरतं. भरवसा आणि गाणं शेवटच्या दोन ओव्यांत येतं, त्याच्या आधी नाही. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. तक्रार करणं पाप वाटतं, म्हणून पहिल्या चार ओव्या उरकून थेट ‘प्रभू चांगला आहे’वर उडी मारली जाते. न बोललेली भीती मग दोन वाजता पुन्हा उठवते.

२३ वं स्तोत्र सगळ्यांना पाठ असतं, आणि पाठ असल्यामुळेच त्यातली एक गोष्ट नजरेतून सुटते. पहिल्या तीन ओव्यांत देव ‘तो’ आहे: तो कुरणात बसवतो, तो पाण्यावर नेतो. अंधाऱ्या दरीत शिरल्याबरोबर ‘तो’चा ‘तू’ होतो. लगेच पुढे येतं, ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात.’ माण, आटपाडी, जतच्या धनगरांची मेंढरं रस्त्याने जाताना पाहिलेल्या माणसाला काठी कशासाठी असते ते ठाऊक असतं. मेंढरू काही वाट पाठ करून चालत नाही.

पोट आणि झोप हा भागही शास्त्रातलाच आहे, आणि उपास-प्रार्थनेच्या उत्साहात तोच विसरला जातो. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा जीव मुठीत धरून पळतो, झाडाखाली आडवा होतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खायला घालतो. देवाचं बोलणं चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. घाबरून गळालेल्या माणसाला उपास सांगू नये, गरम भात सांगावा.

वचनांचा ताईत करणं ही दुसरी चूक. ९१ वं स्तोत्र दाराला चिकटवून पुराच्या पाण्यात थांबून राहणारा माणूस विसरतो की मंदिराच्या टोकावर येशूपुढे हेच स्तोत्र सैतानाने म्हटलं होतं, ‘उडी टाक, देवदूत झेलतील’ म्हणून. बोट आली की बोटीत बसावं. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९ व्या अध्यायातलं ‘हिताचे संकल्प’ हे वचन मोबाईलवर रोज फिरतं. त्याच्याच आधीच्या ओवीत ७० वर्षांचा बंदिवास आहे, आणि त्याही आधी घरं बांधा, बागा लावा असा हुकूम. लगेच सुटका होईल असं तिथे कुणी म्हटलेलं नाही.

औषध की प्रार्थना, हा वाद निदान मिरजेत तरी घालू नये. मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन दवाखाना उभा केला तो प्रार्थना करणाऱ्यांच्याच पैशांवर. पूर ओसरून दोन आठवडे झाले, तरी झोप नाही, छातीत धडधड, जेवण तुटलेलं, असं असेल तर डॉक्टरकडे जावं. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर मिळते.

मंडळीतल्यांनी, म्हणजे चर्चच्या लोकांनी, भेटायला जावं, पण पंधरा मिनिटं. एक स्तोत्र, छोटी प्रार्थना, आणि डब्यात भाकरी-पिठलं. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस नुसते गप्प बसले तोवर चांगले होते; तोंड उघडलं आणि बिघडलं. वीज गेलेली असेल तर भजन म्हणावं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक शेवटच्या काळात साताऱ्याला राहिले. त्यांची भजनं आपल्या अभंगांच्या चालीत बसतात, म्हणून पुस्तक आणि पेटी दोन्ही नसली तरी म्हणता येतात. एक वचन कागदावर लिहून कागदपत्रांच्या प्लास्टिक पिशवीतच ठेवावं. मोबाईलची बॅटरी नको तेव्हाच संपते.

आणि १३ व्यातला तो शेवटचा भरवसा तोंडातून निघतच नसेल, तर ८८ वं उघडावं. ते वळण घेतच नाही, अंधारातच संपतं, तरीही स्तोत्रसंहितेत आहे. त्याच्या शेपटाला ओढूनताणून ‘हालेलूया’ जोडू नये. वाचावं, दिवा मालवावा, १३ वं सकाळी.