गूढजत्रु

‘शाळेने तुम्हाला काय दिले’ यावर लिहा, असं स्मरणिका समितीनं कळवलं आहे. संस्कार, शिस्त, शुद्धलेखन यांवर बाकीचे लिहितीलच. मी एका हाडावर लिहितो.

नववीची आमची मुलांची तुकडी. संस्कृतचे सर पाठ्यपुस्तक मिटून कधी कुठे जातील, नेम नसे. एकदा वाल्मीकिरामायणाचा पहिला सर्ग काढला. नारद रामाचं वर्णन करतात, ‘महोरस्को महेष्वासो गूढजत्रुररिन्दमः’. रुंद छातीचा, मोठ्या धनुष्याचा, शत्रूंना वठणीवर आणणारा, इथवर समजलं. पण गूढजत्रु? सर म्हणाले, “वरचं बटण काढा. गळ्याखालच्या खळगीत बोट ठेवा, आता खांद्याकडे न्या.” बोटाखाली हाड आधी पुढे आलं, मग मागे वळत खांद्याशी चपटं झालं. “हे जत्रु. ज्याचं मांसाखाली झाकलेलं, तो गूढजत्रु.” मग चष्म्यावरून वर्गाकडे पाहत, “इथं राम होण्यासारखं कुणी दिसत नाही.”

खरंच होतं ते. आम्ही सगळे काटकुळे, एकेकाची हाडं शर्टातून मोजावीत. अपवाद फक्त शेवटच्या बाकावरच्या एका गुटगुटीत गड्याचा. त्याचं बारसं तिथंच झालं. गूढजत्रु म्हणायला लांबतं, म्हणून नुसता ‘जत्रू’. पुढे कबड्डीत तो पसरलेल्या तळहातावर पडला आणि मोडलं नेमकं तेच हाड! हाताला बसलेला दणका धडाकडे जातो तो याच हाडातून, त्यामुळे बहुतेकदा ते मधल्या भागात मोडतं. सर त्याला बघायला घरी गेले तेव्हा म्हणे, “झाकलेलं होतं तरी सापडलं की रे,” एवढंच बोलले.

मी पुढे आयुर्वेदाकडे गेलो, त्यात या तासाचा वाटा किती हे सांगता येत नाही. पण शरीररचना शिकताना जत्रुक म्हटलं की कान टवकारायचे. गर्भात सगळ्यांत आधी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, अस्थी बनू लागते ती हीच. आणि तिचं छातीकडचं टोक पुरतं सांधायला विशी उलटून जाते. हे सगळं ठीक. गोंधळ झाला तो चरकसंहितेत. चरक 360 हाडं मोजतात (सुश्रुत 300, आणि आजचा हिशेब प्रौढ माणसात 206), त्या यादीत ‘द्वावक्षकौ, एकं जत्रु’ असं आहे. अक्षक दोन, म्हणजे आपली दोन्ही बाजूंची गळ्याखालची हाडं. मग हे एकटं जत्रु कुठलं?

सुट्टीत सरांकडे गेलो. ते तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी न उठता अमरकोश म्हणून दाखवला, “सन्धी तस्यैव जत्रुणी.” खांद्याचे सांधे ते जत्रु, आणि द्विवचन. “तुझ्या चरकाचं एकवचन. दोघं एकाच अवयवाबद्दल बोलत नाहीत. बघ शोधून.”

शोधलं. रुडॉल्फ हर्न्ले या पंडिताचा प्राचीन भारतीय अस्थिविद्येवरचा ग्रंथ 1907 साली निघाला. चरकातलं जत्रु म्हणजे श्वासनलिका, असं त्यांनी त्यात मांडलं आहे. एकच का, हा प्रश्न त्यानं सुटतो. रामाच्या ओळीत मात्र ते बसत नाही, श्वासनलिका झाकलेली असण्यात कसलं आलंय कौतुक! तिथं सरांचाच अर्थ मला पटतो.

सरांना हे कळवलं तर पोस्टकार्ड आलं. “बरे झाले. आता ऊर्ध्वजत्रुगत लिहिताना कोणते जत्रु धरतोस ते कळव.” कान, नाक, डोळे, तोंड, डोकं यांचे सगळे विकार आम्ही ‘जत्रूच्या वरचे’ अशा अर्थाच्या या एका शब्दात बसवतो, नस्यही (नाकातून औषध देणं) मुख्यतः त्यांच्यावरच. माझ्या केसपेपरवर तो रोज असतो. रुग्णानं विचारलं, तर मी त्याला शर्टाचं वरचं बटण काढायला सांगतो.