फ्लरीपर्यंतची वारी

आजीचं बोट धरून मी लहानपणी दोनदा जेजुरी ते वाल्हे चालले. त्यातलं सगळ्यात लख्ख आठवतं ते पाणी. गाव आलं की बायका कळशी-तांब्या घेऊन रस्त्यावर उभ्या असायच्या, "घ्या माऊली" म्हणत.

आता नोकरीमुळे लक्झेंबर्गला असते. यंदा आषाढी एकादशीला फ्रान्समधल्या व्हर्दँला उतरले आणि फ्लरी गावाकडे चालत निघाले. सात-आठ किलोमीटर, बराचसा चढ. पाण्याची बाटली सोबत घेतली होती. वाटेत पाणी देणारं गावच उरलेलं नाही, हे माहीत होतं.

पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या फेब्रुवारीत व्हर्दँची लढाई पेटली तेव्हा फ्लरीची चारशेवर माणसं घरं सोडून निघाली. उन्हाळ्यात ते गाव १६ वेळा कधी जर्मनांच्या, कधी फ्रेंचांच्या हाती गेलं. परत यायला काही राहिलंच नाही. अशी ९ गावं, 'फ्रान्ससाठी मृत' म्हणून जाहीर केलेली. त्यातल्या ६ गावांना आजही मेयर आहे. मत द्यायला कोणी नाही, म्हणून सरकार नेमतं. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं.

गावात आता पायवाटा आहेत आणि खुणेचे खांब: इथे बेकरी, इथे लोहार, इथे शाळा. प्रत्येक खांबापाशी थांबून मी नमस्कार केला, "रामकृष्ण हरी" म्हटलं. चहूकडे देवीच्या व्रणांसारखे खड्डेच खड्डे, गवताने मऊ झालेले. पायवाट सोडायची नाही, कारण न फुटलेले गोळे अजून जमिनीत आहेत. स्पँकूरच्या रानात तर युद्धानंतर उरलेले विषारी वायूचे गोळे जाळले होते. तिथली माती शंभर वर्षांनीही आर्सेनिकने विषारी आहे. गोळा फुटून संपतो, माती मात्र भोगत राहते.

पुढे द्वोमाँचं अस्थिगृह. ओळख न पटलेल्या सुमारे १,३०,००० फ्रेंच आणि जर्मन सैनिकांची हाडं तिथे एकत्र आहेत. मागच्या भिंतीतल्या काचा इतक्या खाली आहेत की वाकल्याशिवाय आतलं दिसत नाही. एक आजोबा नातीशी जर्मनमध्ये हळू बोलत वाकले होते. ते उठेपर्यंत मी थांबले, मग त्याच काचेपाशी वाकले.