शिडी धरणाऱ्यांची कंपनी : आमची वाटचाल

आमची जाहिरात कंपनी निघाली ती बाबांच्या पाट्या रंगवायच्या दुकानातून. त्या दुकानावर नुसतं ‘पेंटर’ लिहिलेलं होतं. नाव नाही, आडनाव नाही. १९८१ साली मंगळवार पेठेत दहा बाय बाराचा गाळा घेतला, तेव्हा दुकानाला नाव काय द्यायचं हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. कोल्हापुरात पेंटर हे आडनावच आहे. बाबूराव मेस्त्री आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटकांचे पडदे रंगवायचे, म्हणून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. १९१६ ला आनंदराव गेले. दोघांनी मनात धरलेला देशी बनावटीचा कॅमेरा बाबूरावांनी पुरा केला आणि १९२० ला ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. दामले आणि फत्तेलाल त्यांच्याच हाताखाली तयार झाले. व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापू, तर पडेल ते काम करायला बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. १९२९ ला याच तिघांनी केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह इथे कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली.

हे मी पुस्तकात वाचलं नाही, बाबांकडून ऐकलं. बाबांनी ऐकलं त्यांच्या वस्तादांकडून, ज्यांची उमेदीची वर्षं जयप्रभा स्टुडिओत सिनेमाचे सेट रंगवण्यात गेली. वस्तादांनी बाबांना दोन वर्षं ब्रशला हात लावू दिला नाही. शिडी धरायची, रंग घोटायचा, संध्याकाळी टर्पेंटाईनमध्ये ब्रश धुऊन केस सरळ करून ठेवायचे. बाबा ही दोन वर्षं फार अभिमानाने सांगायचे.

त्यांचं भिंतीवरचं काम मी लहानपणी तासन्‌तास बघितलंय. आधी चुन्याचे दोन हात. मग गेरूत भिजवलेली दोरी. एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. दोरी ताणून मध्ये चिमटीत धरून सोडली की भिंतीवर तांबडी सरळ रेघ. त्या दोन रेघांमध्ये खडूने अक्षरं टाकायची, डाव्या हातात चिंध्यांचा बोळा बांधलेली काठी भिंतीला टेकवायची, तिच्यावर उजवं मनगट ठेवायचं आणि श्वास रोखून अक्षराचा उभा दंड ओढायचा. शिरोरेषा सगळ्यात शेवटी. ती एका दमात गेली पाहिजे, मध्ये थांबलं की जोड दिसतो. एस.टी.तून जाणाऱ्या माणसाला सहा शब्दांच्या वर वाचता येत नाही, हा त्यांचा हिशेब. आजही आमच्याकडे होर्डिंगचा मजकूर सहा शब्दांच्या वर गेला तर मी परत पाठवते.

कलानिकेतन या कला महाविद्यालयातून शिकून १९९८ ला मी दुकानात आले. कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला, डिझाइनसाठी कोरल ड्रॉ आणि मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी टाकून घेतली. पहिली पाटी छापून आली, ती बाबांनी उन्हात नेऊन बघितली. म्हणाले, “सगळं सरळ हाय गं बाळ, पण जोडाक्षरात हवाच न्हाई.” मला तेव्हा राग आला होता. आज मी मुलांना अक्षरांमधलं अंतर हाताने सुधारायला लावते, ते त्या एका वाक्यामुळे.

मग फ्लेक्स आला. पंधरा दिवसांचं काम एका रात्रीत होऊ लागलं. आमच्याकडे चार पेंटर होते. एकाने रिक्षा घेतली, दोघे शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती रंगवायला गेले. चौथे काका आमच्याकडेच राहिले आणि साठीला टेकताना माउस धरायला शिकले. त्या वेळी आणखी काय करता आलं असतं, याचा विचार मी अजून करते.

छपाईत भागेना, म्हणून वर्तमानपत्रांच्या जाहिराती घ्यायला लागलो. बाहेरून हा धंदा सोपा दिसतो: पेपरला रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापायची मागणी, पाठवायची आणि पंधरा टक्के कमिशन घ्यायचं. पण पेपरचं बिल ठरलेल्या तारखेला भरावंच लागतं, गिऱ्हाइकाने आपल्याला पैसे दिलेले असोत वा नसोत. २०११ ला एका बिल्डरच्या दोन पानभर आणि सहा पाव पान जाहिराती आमच्यामार्फत गेल्या. त्याची साईट बंद पडली, फोनही. सहा लाख चाळीस हजार बुडाले. आईच्या पाटल्या गुजरीत, सराफांकडे, गहाण गेल्या आणि पेपरचं बिल वेळेत गेलं. आई त्यावर एक शब्द बोलली नाही, पाटल्या मात्र मी पाच वर्षांनी सोडवून आणल्या. तेव्हापासून निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय आम्ही जागा बुक करत नाही, ओळख कितीही जुनी असो.

ऑगस्ट २०१९. आमचं छपाईचं मशीन होतं त्या शाहूपुरीच्या गल्लीत पुराचं पाणी शिरलं, तेव्हा ते हलवायला वेळच मिळाला नाही. आठवड्याने शटर उघडलं तर मशीनवर बोटभर गाळ, शाईचे कॅन तरंगून कोपऱ्यात आलेले. बाबा तेव्हा अंथरुणावर होते. त्यांनी एवढंच विचारलं, “माणसं समदी हाईत न्हवं?” मग जयप्रभावाल्या भालजी पेंढारकरांची गोष्ट सांगितली. १९४८ ला गांधीजींच्या हत्येनंतरच्या दंगलीत त्यांचा स्टुडिओ जाळला गेला, आणि त्यांनी तो पुन्हा उभा केला. मी पुन्हा मशीन मात्र घेतलं नाही. विम्याचे मिळाले तेवढे पैसे कॅमेरा, दिवे आणि एडिटिंगच्या दोन कॉम्प्युटरवर घातले.

त्या निर्णयामागे आमचा एक मुलगा होता. २००९ ला दहावी नापास होऊन शिडी धरायला आला होता. फ्लेक्स टांगायला उंचावर चढला की मोबाईलवर खालच्या चौकाचं शूटिंग करायचा. आज तो आमचा व्हिडिओ विभाग चालवतो, हाताखाली पाच जण आहेत. शिरोलीच्या फाउंड्रीत १४०० अंशांचा रस ओततानाचं त्याचं चित्रण बघून त्या कारखानदारांना परराज्यातून चौकशा आल्या. कोल्हापुरी चपलेचा, गुळाचा, साजाचा व्हिडिओ करताना तो कारागिराला स्टुडिओत आणत नाही. कातडं कापायची रापी फिरतानाचा आवाज जसा आहे तसा ठेवतो, वरून गाणं घालत नाही. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

आमची माणसं तीन-चार वर्षांत तयार होतात आणि पुण्या-मुंबईला जातात. आमची एक मुलगी आता गोरेगावला कलादिग्दर्शकाच्या हाताखाली आहे, एक मुलगा मोठ्या एजन्सीत. गेले की आठवडाभर ऑफिसात करमत नाही. १९३३ ला प्रभात पुण्याला गेली तेव्हा इथल्यांना काय वाटलं असेल, हे मला अशा वेळी कळतं. तरी एकालाही थांब म्हटलेलं नाही. त्यांच्या शेवटच्या दिवशी आम्ही सगळे खरी कॉर्नरला बाबूरावांच्या कॅमेऱ्याच्या स्मृतिस्तंभापाशी फोटो काढतो, मग मिसळ.

बाबा २०२१ ला गेले. त्यांची मनगटाची काठी माझ्या टेबलामागे आहे, बोळा अजून निळा आहे.

आता आम्ही राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर अकरा जण आहोत. दर गुरुवारी चार ते सहा शिकणाऱ्या मुलांसाठी दार उघडं असतं. चित्रकलेची पदवी असो-नसो, या. येताना स्वतःच्या हाताने काढलेली एक ओळ आणा, त्यात एक तरी जोडाक्षर हवं.