बूट काढून बघत बघत सासवड

पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीचा मोठा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, त्यात दिवे घाट. "घाट तेवढा गाडीने जा," असं ह्यांचं म्हणणं. मुलाचं त्याहून सोपं: यंदा टीव्हीवर बघ. मला स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा याच दोघांनी ठाण्याहून परळला नेलं-आणलं, केमोनंतर सासूबाईंनी वाटीवाटीने पेज पाजली. त्यामुळे भांडायला तोंड नाही. पण उपचार संपून वर्ष उलटलं तरी घरात कुणी मला पाण्याची बादली उचलू देत नाही. नुसतं "दमले" म्हटलं की मुलगा डॉक्टरांचा नंबर काढतो. (खरं सांगायचं तर पाठ दुखली की माझ्याही मनात तेच येतं.)

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "जाऊ दे तिला. एकादशी मी धरते, तू खाऊन चाल."

मग मासुंदा तलावाभोवती सकाळच्या फेऱ्या सुरू केल्या. डाव्या काखेतल्या गाठी काढल्यामुळे तो हात सुजतो, म्हणून त्यावर घट्ट बाही. उकाड्यात ती म्हणजे शिक्षाच. पिशवी उजव्या खांद्यावर, टाळ घटकाभरच.

खरी पंचाईत पायांची. केमोच्या औषधाने तळव्यांच्या नसा बधिर झाल्यात. मुंग्या सतत असतात, पण खडा टोचलेला कळत नाही. बाकीच्यांना पाय सांगतात, आता थांब. मला बूट काढून बघावं लागतं. प्रत्येक विसाव्याला हे खाली बसायचे, माझा मोजा उलटा करून झटकायचे, बोटांच्या बेचक्या बघायचे. हडपसरला टाचेवर लाल चट्टा दिसला, लगेच पट्टी लावली. शेजारी एक आजी बसल्या होत्या, अनवाणी, मांडीशी तुळस. बराच वेळ बघून म्हणाल्या, "नवीन लगीन झालंय जनू!" साठीचे हे कानापर्यंत लाल.

घाटाच्या पायथ्याशी, वडकी नाल्याला हे काही बोलले नाहीत, मीही गाडीचा विषय काढला नाही. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, तरी बैलांना चढ जाणवतो. माझी काय कथा! अर्ध्यावर म्हटलं, "दमले." ह्यांनी धसकून माझ्याकडे पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मग बसा की माउली, इथं कोण दमलं नाही?" आणि हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवला. रस्त्याकडेला बसून आम्ही दोघांनी तो खाल्ला. कपाळाला हात लावून कुणी ताप बघितला नाही. हार्मोनची गोळी अजून काही वर्षं चालणार, तपासण्याही चालणार. पण ते दमणं नुसतं दमणं होतं, घाट चढणाऱ्या कुणाचंही.

सासवडला पोचल्यावर मुलाचा फोन. "हात सुजलाय?" थोडा सुजला होता, तसं सांगितलं. तेवढ्यात सासूबाईंनी फोन घेतला. "सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन झालं का?"

"नाही आई. रांग मोठी आहे, आणि मला भूक लागलीय."

"मग आधी जेव. रांग कुठे पळून जात नाही."